एकाच नाकतोड्याच्या दोन प्रजाती

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या आठवड्यात मला नवीन प्रजाती सापडली. ती चार महिने टिकली.

तिचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण एमएस्सीच्या प्रोजेक्टचा विषय म्हणून ‘मायटोकाँड्रियल डीएनए’ हातात पडलाय आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाहीये, अशी मुलं दरवर्षी विचारायला येतात. त्यांच्यासाठी थोडं मागून सुरू करते.

शाळेत आपण मायटोकाँड्रियाला तंतुकणिका म्हणून शिकलो. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं लिहून एक मार्क मिळवला आणि विषय संपला. तंतुकणिकेला स्वतःचा वेगळा डीएनए असतो हे बहुतेकांच्या डोक्यातून तेव्हाच निसटतं. हा डीएनए केंद्रकातल्यासारखा लांबलचक नसतो, छोटं गोल कडं असतं. माणसात ते 16,569 अक्षरांचं आहे आणि 1981 मध्ये केंब्रिजला ते पहिल्यांदा पूर्ण वाचलं गेलं. त्यात जनुकं फक्त 37: 13 प्रथिनांची, 22 टीआरएनएची, 2 आरआरएनएची (हे दोन्ही प्रथिनं बनवायला मदत करणारे रेणू). नाकतोड्याचं कडंही साधारण तेवढंच आणि जनुकंही तीच 37.

हे कडं सगळ्यांना प्रिय असण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे भरपूर प्रती. केंद्रकातल्या जनुकाच्या पेशीत दोन प्रती, तर याच्या शेकडो, कधी हजारो. त्यामुळे मूळ नसलेला केस, संग्रहालयातलं जुनं कातडं, वाघाची विष्ठा, शिजवलेलं मटण अशा ठिकाणी केंद्रकातला डीएनए हात टेकतो तेव्हाही हा हाती लागतो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत वर्मा आणि लालजी सिंग यांनी 2003 मध्ये सायटोक्रोम बी या जनुकासाठी असे प्रायमर (हवा तो डीएनए उचलण्यासाठी त्याच्या टोकांना चिकटणारे छोटे तुकडे) प्रसिद्ध केले, की एकाच जोडीने कितीतरी प्राण्यांची ओळख पटवता येते. ‘हे मांस कुठल्या प्राण्याचं?’ हा प्रश्न वन्यजीव गुन्ह्यांत कायमचा. त्याचं उत्तर या छोट्या कड्यात असतं.

दुसरं कारण म्हणजे आजोळ. हा डीएनए आईकडून येतो. तिला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. म्हणजे आजोळचा, आणि तोही फक्त आजीच्या बाजूचा. आईच्या वडिलांचा त्यात काही हिस्सा नाही. मुलाला मिळतो, पण तो पुढे देऊ शकत नाही. बापाच्या डीएनएशी सरमिसळ होत नसल्यामुळे वंश मागे मागे शोधत नेणं सोपं पडतं. 1987 मध्ये याच वाटेने मागे जात आजच्या सगळ्या माणसांची एक सामाईक आजी आफ्रिकेत असल्याचं मांडलं गेलं आणि वर्तमानपत्रांनी तिचं ‘ईव्ह’ असं बारसं केलं. त्या काळी जगात ती एकटीच बाई होती, असा समज अजून ऐकू येतो. तसं नाही. बाकीच्या बायकांची मुलीकडून मुलीकडे जाणारी साखळी कुठे ना कुठे तुटली, एवढंच.

आता नाकतोड्यांकडे येते. सातारा-कोल्हापूरच्या बाजूला जांभ्या दगडाचे सडे आहेत. पावसाळ्यात हिरवेगार, उन्हाळ्यात तापलेला तवा. तिथल्या काही नाकतोड्यांचे पंख इतके आखूड, की त्यांना उडता येत नाही. दोन सड्यांच्या मध्ये दरी आणि झाडी. तेव्हा एका सड्यावरचे नाकतोडे दुसऱ्या सड्यावरच्यांपासून किती वेगळे झालेत, हा माझा प्रश्न होता.

फिल्डवर्कबद्दल चार गोष्टी, कारण त्या प्रोटोकॉलच्या कागदावर नसतात. सडा वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगीशिवाय काहीही उचलू नका. पावसाळ्यात जायचं असेल तर अर्ज जानेवारीतच टाका. फॉर्मलिनमध्ये नमुना ठेवला तर डीएनएवर पाणी सोडा, अॅब्सोल्यूट इथेनॉलच हवं. आणि ते दुसऱ्या दिवशी बदलायचं, कारण किड्याच्या अंगातलं पाणी सुटून इथेनॉल पातळ होतं. नमुन्याचा नंबर ट्यूबवर मार्करने लिहिलात तर इथेनॉलचा एक ओघळ तो पुसून टाकतो. मी बावीस ट्यूब अशा कोऱ्या करून घरी आणल्या आहेत. पेन्सिलने जाड कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी ट्यूबच्या आत टाका. मागचा एक पाय डीएनएसाठी काढा, बाकीचा नाकतोडा जपून ठेवा. नंतर कोणी ‘हा नक्की कोणता होता?’ असं विचारलं, तर दाखवायला धड हवं.

लॅबमध्ये पहिले तीन महिने काहीच येत नाही, हे गृहीतच धरा. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेली फोल्मर प्रायमरची जोडी अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी आजही सर्रास वापरतात. ती तंतुकणिकेतल्या सीओआय जनुकाचा सुमारे 710 अक्षरांचा तुकडा उचलते. 2003 मध्ये पॉल हेबर्ट यांनी याच तुकड्याला प्राण्यांचा ‘बारकोड’ म्हणायचं सुचवलं. प्रायमरची टोकं छाटली की 658 अक्षरं उरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पीसीआर लावायचा, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या, जेल रन करायची, म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायचे, यूव्हीखाली बघायचं: लॅडर (मापाची पट्टी) झकास, बाकी लेनमध्ये अंधार. मग तापमान बदला, डीएनए दहापट पातळ करून बघा. कधीतरी बँड (तुकड्याचा चमकणारा पट्टा) येतो, आणि नेमका निगेटिव्ह कंट्रोलमध्येही, म्हणजे नमुना न घातलेल्या ट्यूबमध्येही येतो. म्हणजे पाण्यात किंवा पिपेटमध्ये कोणाचा तरी डीएनए गेलाय. तो दिवस रडण्यात घालवू नका. सगळी रसायनं छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवा आणि संशयित ट्यूब फेकून द्या.

माझे बँड अखेर आले. एका सड्यावरच्या अकरा नाकतोड्यांचे सिक्वेन्स (अक्षरांचा क्रम) बाकी सड्यांपेक्षा चार टक्क्यांहून जास्त वेगळे निघाले. कीटकांत एकाच प्रजातीतला फरक बहुधा दोन टक्क्यांच्या आत असतो. पंख आखूड, मध्ये दरी, आणि त्यात हा आकडा. लॅबमधल्या ताईने पेढे मागितले. सर फक्त म्हणाले, “नर नीट बघितलेस का?” नाकतोड्यांच्या प्रजाती ओळखताना नराच्या जननांगांची ठेवण फार महत्त्वाची असते. मी बघितली, फरक दिसला नाही, आणि ‘लपलेली प्रजाती’ असा शब्द माझ्याकडे तयारच होता. सगळं इतकं पटण्यासारखं होतं, की शंका घ्यायचं कारणच उरलं नाही. तिथेच घात झाला.

डिसेंबरात गटाच्या बैठकीत सरांनी विचारलं, “भाषांतर करून बघितलंस?” सीओआय हे प्रथिनाचं जनुक आहे, त्याची तीन-तीन अक्षरं वाचली की अमिनो आम्लांची साखळी मिळायला हवी. मी जागेवरच करून दाखवलं आणि साखळीत जागोजागी पूर्णविराम. अकराच्या अकरांत, आणि बाकीच्या चांगल्या सिक्वेन्समध्येही! मला घाम फुटला. सरांनी शांतपणे विचारलं, “टेबल कितवं लावलंस?”

नवीन माणूस इथे हमखास अडकतो. तंतुकणिकेची लिपी केंद्रकापेक्षा थोडी वेगळी आहे. टीजीए ही तीन अक्षरं केंद्रकात ‘थांबा’ सांगतात, तर तंतुकणिकेत ट्रिप्टोफॅन. सॉफ्टवेअर आपणहून लिपी वाचायचं नेहमीचं टेबल 1 लावतं. अपृष्ठवंशींच्या तंतुकणिकेसाठी 5 निवडावं लागतं, पृष्ठवंशींसाठी 2. शिवाय बारकोडचं पहिलं अक्षर सोडून दुसऱ्यापासून वाचायचं, म्हणजे उरलेल्या 657 अक्षरांची बरोबर 219 अमिनो आम्लं होतात.

टेबल 5 लावल्यावर बाकीचे सिक्वेन्स स्वच्छ झाले. माझे अकरा मात्र झाले नाहीत. मध्येच टीएए, म्हणजे इथेही ‘थांबा’. आणि लांबी? सगळ्यांची 658, या अकरांची 657. चार महिने मी तो आकडा रोज बघत होते. एक अक्षर गळलं की त्यापुढचं सगळं वाचनच सरकतं. जिवंत नाकतोड्याच्या श्वसनाचं प्रथिन असं असूच शकत नाही. जे मी वाचत होते ते तंतुकणिकेतलं नव्हतंच.

याला न्यूमट म्हणतात. उत्क्रांतीच्या ओघात तंतुकणिकेच्या डीएनएचे तुकडे केंद्रकात जाऊन चिकटतात आणि तिथे निकामी पडून राहतात. माळ्यावर टाकलेल्या जुन्या पत्रिकेसारखे: नावं घरचीच, पण कोणी वापरत नाही. गंमत अशी, की 1983 मध्ये असा तुकडा टोळाच्याच केंद्रकात सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. टोळ-नाकतोड्यांचे जीनोम अवाढव्य असतात, स्थलांतरी टोळाचा तर माणसाच्या दुप्पट. तिथे असा माल भरपूर. नाकतोड्यांवर काम करायला निघालेल्या मला हे पहिल्याच आठवड्यात माहीत असायला हवं होतं.

मग परत पहिल्यापासून. त्या अकरांचा डीएनए मी घाईत पोटाच्या तुकड्यातून काढला होता. आता मागच्या मांडीचा स्नायू घेतला, कारण स्नायूत तंतुकणिका भरपूर असतात. फोल्मर जोडी बाजूला ठेवून जास्त लांबीचा तुकडा उचलणारे प्रायमर लावले. न्यूमट बहुधा आखूड असतात, लांब तुकडा त्यांच्यातून निघत नाही. यातून खरा सिक्वेन्स मिळाला तेव्हा कारणही कळलं. त्या सड्यावरच्या नाकतोड्यांत, फोल्मर प्रायमर जिथे बसतो नेमक्या त्याच जागी दोन अक्षरं बदललेली होती. प्रायमरला खरी जागा पटेना, म्हणून तो केंद्रकातल्या जुन्या नकलेला चिकटला. खऱ्या सिक्वेन्समधला फरक एक टक्काही नव्हता.

क्रोमॅटोग्राम, म्हणजे सिक्वेन्सिंगच्या यंत्राने काढलेले अक्षरांचे आलेख, मी नंतर उघडून नीट पाहिले. खुणा पहिल्यापासून होत्या. मोठ्या शिखरांच्या पायाशी दुसऱ्या रंगाची बुटकी शिखरं, ओळीने. सॉफ्टवेअरने दिलेली अक्षरं तेवढी मी कॉपी केली होती, चित्र बघितलंच नव्हतं. तेव्हा मजकुराच्या फाइलवर समाधान मानू नका, चित्राची मूळ फाइल मागून घ्या. आणि अलीकडेच केंद्रकात गेलेल्या न्यूमटमध्ये ‘थांबा’ही नसतो, लांबीही बरोबर असते. तो भाषांतराच्या चाळणीतून खुशाल निसटतो.

म्हणून एका मायटो जनुकावर प्रजाती ठरवायची नाही, असं मी आता हट्टाने सांगते. न्यूमट नसला तरीही. नर शेजारच्या प्रजातीतला असेल तर आजोळच्या डीएनएला त्याचा पत्ताच नसतो. कीटकांत तर वोल्बाकिया नावाचा जिवाणू आईकडूनच पुढच्या पिढीत जातो. तो पसरला की त्याच्याबरोबर त्या आईचा मायटोही सगळीकडे पसरतो आणि वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसायला लागतात. एखादं केंद्रकातलं जनुक जोडीला घ्या, निदान हिस्टोन एच3 किंवा 28 एस. आणि शरीर बघा. सरांचा पहिला प्रश्न नराबद्दल होता, तो उगाच नव्हता.

करिअरचं थोडक्यात. प्राणिशास्त्र, बायोटेक, जैवविविधता, कुठूनही या विषयात येता येतं. नेट-जेआरएफ (संशोधनासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि मुख्य म्हणजे गाइड निवडायची मोकळीक. तोवर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून एक वर्ष काढलं तर वाया जात नाही, हात तिथेच बसतो. जाण्यासारख्या संस्था म्हणजे पुण्यात आघारकर, आयसर आणि आकुर्डीचं झेडएसआयचं (भारतीय प्राणी सर्वेक्षण) केंद्र, बाहेर हैदराबादचं सीसीएमबी, बंगळुरूचं एनसीबीएस, डेहराडूनची वन्यजीव संस्था, माशांसाठी लखनौचं एनबीएफजीआर. मेल पाठवताना ‘आय अॅम पॅशनेट’ लिहू नका. त्यांचा एक पेपर वाचून त्यातलं न कळलेलं एक वाक्य विचारा, उत्तर येण्याची शक्यता वाढते.

ते अकरा सिक्वेन्स मी जेनबँक या डीएनएच्या सार्वजनिक संग्रहात टाकले नाहीत, पण पुसलेही नाहीत. लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात मी त्याच फाइली चांगल्या फाइलींमध्ये मिसळून देते आणि काहीही न सांगता ‘यातून झाड (कोण कोणाच्या जवळचं ते दाखवणारा वंशवृक्ष) काढा’ म्हणते. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी धावत येतात, “मॅडम, नवीन प्रजाती!” मागच्या वर्षी एकाने झाड काढायच्या आधीच विचारलं, “यातल्या काही 657 का आहेत?” त्या दिवशीचा चहा आणि वडापाव माझ्याकडून झाला.