विडी घरकुलातला ऑनलाइन धंद्याचा वर्ग : नव्याने शिकवायला येणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, नववीचं वर्ष फार अवघड जातं. शिक्षण हक्क कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत, वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत. नेमकं त्याच वयात मुलीचा हात विडी वळण्यात बसलेला असतो आणि मुलगा यंत्रमागावर किंवा शिलाईच्या कारखान्यात उभा राहण्याइतका वाढलेला असतो. ‘शाळा सोड’ असं घरात कुणी तोंडाने म्हणत नाही. आधी आठवड्यातून एक दिवस बुडतो, मग तीन, आणि दिवाळीनंतर पोरगं शाळेत दिसत नाही.

या मुलांना मोबाइलवरून चार वस्तू विकायला शिकवल्या तर घरात पैसा येईल आणि शाळा टिकेल, असा विचार करून बरेच तरुण आमच्याकडे शिकवायला येतात. मी इथे नववी ते बारावीच्या मुलांचा असा वर्ग घेते. त्यांचा विचार अर्धाच बरोबर आहे, हे मी पहिल्याच भेटीत सांगून टाकते. धंदा चालला नाही तर मूल फार तर हिरमुसतं. चालला, तर शाळेवर खरं संकट येतं. महिन्याला दोन-तीन हजार स्वतःच्या हिमतीवर मिळवणारा पंधरा वर्षांचा मुलगा विचारतो, ‘टीचर, दहावी करून मला किती मिळणार?’ या प्रश्नाचं उत्तर तयार असल्याशिवाय वर्ग सुरू करू नका.

कल्पना जुनीच आहे. १९८७ साली न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह मॅरिओटी या शिक्षकाने गरीब वस्तीतल्या मुलांची शाळेतली गळती थांबावी म्हणून त्यांना धंदा शिकवायला घेतला, आणि त्यातून पुढे एक मोठी संस्था उभी राहिली. आपल्याकडे दिल्ली सरकारने २०२१ मध्ये सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी ‘बिझनेस ब्लास्टर्स’ सुरू केलं आणि प्रत्येक विद्यार्थ्याला २,००० रुपयांचं बीजभांडवल दिलं. भांडवल रोख देण्याच्या मी मात्र विरोधात आहे. हप्ता थकलेल्या घरात दोन हजार आले की ते हप्त्यालाच जाणार, आणि त्यात त्या घराची काही चूक नाही. पिशव्या, लेबलं, वजनकाटा, पार्सलचा खर्च असं वस्तूंच्या रूपात द्या.

सुरुवात वस्तू विकण्यापासून करायचीच असं नाही. सेवा विकणं पंधरा वर्षांच्या मुलाला जास्त झेपतं. माल पडून राहत नाही आणि उधारीही होत नाही. सोलापुरात टॉवेल-चादरींचे छोटे व्यापारी गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याकडे माल उत्तम असतो आणि फोटो भयंकर. ट्यूबलाइटखाली काढलेले, मागे गोणी, कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल. मुलांना सकाळच्या उजेडात, खिडकीशी पांढरा कार्डशीट लावून टॉवेलचा फोटो काढायला शिकवा. लांबी, रुंदी, वजन, सुती की मिश्र धागा एवढं खाली लिहायला शिकवा. मग त्या दुकानाचा व्हॉट्सॲप बिझनेसवरचा कॅटलॉग भरून द्यायचा आणि गूगल नकाशावर दुकानाची वेळ, नंबर, फोटो टाकून द्यायचे. फोटोमागे ठरलेले पैसे घ्यायचे.

आमच्या मुलांचं आणखी एक भांडवल आहे, जे त्यांना स्वतःला दिसत नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी, आणि थोडीफार कन्नडही कानावर असते. हैदराबादच्या गिऱ्हाइकाशी बोलताना व्यापारी अडखळतो, पोरगी सरळ बोलते. यांतल्या बहुतेकांना तेलुगू लिहिता येत नाही, कारण शाळा मराठी माध्यमाची. म्हणून आवाजाचे मेसेज पाठवायचे. ते जास्त चालतात, असा माझा अनुभव आहे.

वस्तूच विकायची असेल तर ती घरात किंवा गल्लीत आधीपासून बनत असलेली हवी. शेंगा चटणी, कडक भाकरी, शिलाईच्या कारखान्यातल्या कात्रणांच्या पिशव्या. सुरत-दिल्लीहून स्वस्त माल मागवून विकण्याच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका.

हिशेबाला मी सर्वांत जास्त वेळ देते. उदाहरणादाखल आकडे असे धरा. एक किलो शेंगा चटणीला शेंगदाणे, तिखट, लसूण, मीठ, गॅस मिळून २२० रुपये लागले. पाव किलोच्या चार पुड्या झाल्या. पाउच पाच रुपयांचा, लेबल दोन रुपयांचं. म्हणजे एका पुडीला ६२ रुपये. विकली ९० ला. मुलं खूश होतात, ‘२८ रुपये सुटले!’ मग मी विचारते, पुण्याला एक पुडी पाठवायला ७० रुपये लागले तर? फळ्यावर वजा ४२ येतं तेव्हा वर्ग गप्प होतो. चारच्या खाली पुड्यांचं पार्सल करायचं नाही आणि खर्च गिऱ्हाइकाकडून आधी घ्यायचा, हा नियम मग मुलं स्वतःच करतात.

यानंतर खरा प्रश्न. चटणी कुटली कोणी? आईने. तेवढ्या वेळात तिने किती विड्या वळल्या असत्या? हजार विड्यांना काय दर मिळतो हे यांतल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघाली यावरून संध्याकाळी घरात काय वातावरण असतं, तेही. आईची मजुरी हिशेबात धरली की निम्मे धंदे तिथेच तोट्यात दिसतात. हे दिसायलाच हवं. जे उरतात तेवढेच पुढे न्यायचे. शेकडा नफा-तोटा शाळेच्या पुस्तकात असतो, पण छाट कापून हातात आलेला दर म्हणजे तोच गुणाकार, हे कळल्यावर गणिताला घाबरणारी मुलगी वही पुढे ओढते. अशा काही जणी पुढे अकरावी वाणिज्यला गेल्या आणि पुस्तपालनात त्यांना फारसं अडलं नाही.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळता येत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नाही. त्यामुळे विक्रीच्या साइटवरचं खातं मुलाच्या नावाने निघणार नाही. आई किंवा वडिलांच्या नावाने काढावं लागतं, आणि त्यात काय लिहिलंय हे त्यांना समजावून सांगणं तुमचं काम. वय खोटं टाकून खातं काढायला मदत करू नका. बँक खातं मात्र दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं उघडण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिली आहे. बँकेनुसार अटी वेगळ्या असतात. आईचं खातं वापरणार असाल तर आधी त्याला कुठला मोबाइल नंबर जोडलेला आहे ते बघा. जुना, बंद पडलेला नंबर निघतो आणि सगळं तिथेच अडतं.

बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही; घरच्या व्यवसायात शाळेच्या वेळेबाहेर, धोकादायक नसलेली मदत चालते. आपल्या वर्गाच्या नावाखाली एखादा व्यापारी मुलांना रोज चार तास पॅकिंगला बसवू लागला तर तो धंद्याचा अनुभव नव्हे, मजुरी आहे. अशांना थेट नाही म्हणा.

खाण्याची वस्तू पाकिटातून विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. फी किरकोळ आहे, कटकट जास्त. म्हणून आम्ही ज्या महिला बचत गटाकडे ती नोंदणी आधीच आहे त्यांच्यामार्फत चटणी विकतो. जीएसटीचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेत असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी क्रमांक नसतानाही मोठ्या साइटवरून राज्याच्या आत माल विकता येतो. पोर्टलवर नावनोंदणी तेवढी करावी लागते. राज्याबाहेर चालत नाही. म्हणजे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला टॉवेल जाईल, शंभरावरच्या, पण कर्नाटकातल्या विजयपूरला नाही. मुलांना हे भारी विनोदी वाटतं. मलाही.

फोनबद्दल पालकांशी बोलावंच लागतं. ‘टीचर, फोन दिला तर पोरगी बिघडती की ओ,’ असं एखादी आई म्हणते तेव्हा तिला जुन्या विचारांची समजू नका. तिची भीती खरी आहे. कॅटलॉगवर मुलीचा नंबर आणि मुलीचा फोटो कधीही टाकायचा नाही. धंद्याचा नंबर वेगळा, फोन आईचा, रात्री आठनंतर गिऱ्हाइकाला उत्तर नाही. अनोळखी पुरुष ‘ताई, कॉल करा ना’ म्हणाला की तो गिऱ्हाईक राहत नाही, ब्लॉक करायचा. आईला वर्गात एकदा बोलवा आणि हे तिच्यासमोर ठरवा.

फसवणुकीवर एक पूर्ण तास ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, खात्यात दिसले तरच माल द्यायचा. घरबसल्या टायपिंगचं काम, आधी नोंदणी फी भरा. व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा. महिन्यात लखपती करणारा कोर्स. हे सगळं मुलांच्या फोनवर रोज येतं, आणि तुमच्या वर्गापेक्षा चकचकीत दिसतं. सर्वांत घातक म्हणजे ‘तुझं खातं आठवडाभर वापरायला दे, पाच हजार देतो’. त्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारी येतात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन, लाज न बाळगता.

आता ‘दहावी करून मला किती मिळणार?’ हा सुरुवातीचा प्रश्न. मुलांनी शाळा धरून राहावं म्हणून आम्ही चार गोष्टी पाळतो. शाळेतली हजेरी दर महिन्याला वर्गशिक्षकांकडून बघतो. घसरली की त्या महिन्यात नवीन ऑर्डर बंद. प्रत्येकाच्या ऑर्डरींना आठवड्याची मर्यादा असते, ती मागणी वाढली तरी वाढत नाही. ‘गिऱ्हाईक आहे आणि तुम्ही नाही म्हणायला लावता’ म्हणून मुलं भांडतात. भांडू द्या. जास्तीची मागणी बचत गटाकडे वळवतो, मुलाला त्यावर थोडं कमिशन मिळतं. आणि चाचणी-सहामाहीच्या आधीचे पंधरा दिवस दुकान बंद.

चौथी गोष्ट धंद्याची नाहीच. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत होते. सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतलं मूल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. म्हणजे महिन्याला हजार, चटणीची एकही पुडी न विकता आणि शाळेत असेपर्यंतच. शिवाय विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार मंत्रालयाची वेगळी शिष्यवृत्ती आहे. ‘दहावी करून किती मिळणार’ याचं माझं उत्तर इथून सुरू होतं. फळ्यावर एका बाजूला त्याच्या वहीतला निव्वळ नफा, दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्ती आणि अठरा पूर्ण झाल्यावर स्वतःच्या नावाने खातं, नोंदणी, कर्ज. ते एवढ्याने पटतंच असं नाही. कधी कधी आईवडिलांना वर्षभर भेटत राहावं लागतं, आणि तरीही काही मुलं जातात.

या शिष्यवृत्त्या पोर्टलवर भराव्या लागतात, आणि मिळालेली दरवर्षी नूतनीकरण न केल्याने जाते. वर्गातली मुलं आपापले फॉर्म स्वतः भरायला शिकतात. शेजाऱ्यांचे भरून पैसे घेऊ का, असं ती विचारतात. मी परवानगी देत नाही. दुसऱ्यांची आधार कार्डं आणि ओटीपी लेकरांच्या फोनमध्ये नकोत.

जी मुलं आधीच शाळेबाहेर पडली आहेत त्यांना वर्गातून घालवू नका. त्यांच्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसता येतं. अर्जाच्या तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, त्या भिंतीवर लावून ठेवा. मागावर जाणारा मुलगा संध्याकाळी हिशेबाच्या तासाला येतो, आणि हळूच विचारतो की भूमितीचंही सांगाल का.

वर्ग जूनमध्ये शाळेबरोबर सुरू करा. पहिले दोन महिने फक्त फोटो, वही आणि फसवणूक. पहिली विक्री राखीपौर्णिमेला, मोठी दिवाळीला. दिवाळीनंतर वह्या तपासायच्या, उधारी वसूल करायची, आईची मजुरी आईच्या हातात द्यायची. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा स्टॉल लावायचा मोह होईल. दहावी-बारावीच्या मुलांना त्यात घेऊ नका. नववी-अकरावीवाल्यांना दोन संध्याकाळी चालतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोन आईकडे आणि कॅटलॉगवर पाटी : ‘परीक्षा चालू आहे, एप्रिलमध्ये भेटू.’ गिऱ्हाइकं थांबतात. काही तर पेपर कसा गेला ते विचारतात.