खान्देशच्या उन्हात जुनी बुलेट घरीच कस्टम करायची तर ट्यूनिंग आधी

भावांनो, घरच्या पत्र्याच्या शेडमधे जुनी बुलेट कस्टमला घेतली की पहिले टाकी रंगायला जाते, मग सीट, मग हँडल, आणि ट्यूनिंग राहतं शेवटी, मिस्तरी बघून घेईल म्हणून. माझं म्हणणं एकदम उलटं आहे, आधी इंजिन नीट वाजू द्या. आणि आपल्या जळगाव-भुसावळकडे ट्यूनिंग कोणत्या महिन्यात करता यावर खूप काही अवलंबून आहे.

हे सगळं कास्ट आयर्न (बिडाच्या) इंजिनवाल्या जुन्या बुलेट ३५० बद्दल आहे, ३४६ सीसी, पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क), मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग).

कायद्याचं आधीच सांगतो, चेसिस कापू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मधे सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्या. सीट, हँडल वगैरे असं करा की बोल्ट काढले की मूळ सामान परत बसलं पाहिजे.

खोलताना प्रत्येक वायरचा फोटो काढा आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यात, वर चिठ्ठी. जुन्या बुलेटच्या काही नटांना मिलीमीटरचा पाना नीट बसत नाही, ब्रिटिश मापाचा लागतो, जबरदस्ती केली की कोपरे गेलेच समजा.

आता ट्यूनिंग, याचा क्रम मोडायचा नाही : टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट), पॉइंट, टायमिंग (ठिणगी नेमकी कधी पडते ते) आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. लोक डायरेक्ट कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतात आणि खराबी निघते पॉइंटमधे. टॅपेट रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून. पुशरॉड बोटाने मोकळा फिरला पाहिजे पण वरखाली अजिबात हलता कामा नये. पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिमी, आणि गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून ते परत तपासायचंच.

कार्बोरेटरमधे कोण कधी काम करतं ते एकदा डोक्यात बसवा. थ्रॉटल जेमतेम उघडलं असेल तेव्हा पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक छिद्र) आणि हवेचा स्क्रू, मधल्या भागात सुई, पाऊणच्या पुढे मेन जेट. ग्रिपवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या की गाडी नेमकी कुठे अडखळते ते चालवतानाच कळतं. हवेचा स्क्रू आत घेतला की रिच (पेट्रोल जास्त), बाहेर काढला की लीन (पेट्रोल कमी), पूर्ण आत नेऊन दीड फेरा बाहेर इथून सुरुवात करा. सुईची क्लिप खालच्या खाचेत घातली तर सुई वर येते, म्हणजे रिच.

आणि आता उन्हाचं. मे महिन्यात दुपारी ४५ डिग्रीला हवा विरळ असते, डिसेंबरच्या १० डिग्रीच्या पहाटेपेक्षा साधारण ११ टक्के कमी. म्हणजे मेच्या दुपारी बरोब्बर बसवलेली गाडी थंडीच्या पहाटे हवा जास्त भरल्याने लीन चालते, आणि लीन गाडीच पिस्टन चिकटवते, व्हॉल्व्ह जाळते. उलट थंडीत बसवलेली गाडी उन्हाळ्यात थोडी रिच होईल, पेट्रोल जरा जास्त पिईल, प्लग काळपट पडेल, पण इंजिन वाचेल. म्हणून मेन जेट हिवाळ्यातच ठरवा, उन्हाळ्यात फार तर सुईची क्लिप एक खाच वर घ्या. तोरणमाळला चढतानाही हाच उपाय, तिथे हजार मीटरच्या वर हवा अजून विरळ होते.

त्यात हल्ली पंपावर ई २० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं), इथेनॉलमुळे मिश्रण आणखी लीनकडे जातं आणि जुने रबरी पाइपही खराब होतात, ते नवीन टाका. मोकळा सायलेन्सर किंवा उघडा फिल्टर लावला तरी लीनच. उघडा फिल्टर तर आपल्याकडे नकोच रे भो, काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसात उडणारे तंतू सरळ सिलेंडरमधे जातात. मूळ एअर बॉक्स राहू द्या, दिसायला जुना वाटला तरी.

मेन जेट तपासायला नवीन प्लग घालून, इंजिन गरम झालं की पहाटे गावाबाहेरच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर (सुरत-नागपूर हायवेवर नको, ट्रक असतात) थोडं अंतर पूर्ण थ्रॉटलवर पळवा, मग क्लच दाबून इंजिन बंद करा, तिथेच थांबून प्लग काढा, हातमोजा घालून, चटका बसतो. बिस्किटासारखा रंग असेल तर जमलं. पांढरा आला तर गाडी तशी घरीसुद्धा जोरात आणू नका, हळू या आणि एक नंबर मोठा जेट टाका. काळा आणि कोरडा असेल तर एक नंबर छोटा. काळा पण तेलकट असेल तर जेटचा संबंधच नाही, रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड बघा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारीख, तापमान, जेट नंबर लिहा.

हे झालं की मगच टाकी रंगायला द्या.