सर जॉन माल्कमवर टिपण कसे लिहावे
नवी मुंबईच्या स्थानिक इतिहासासाठी माल्कमवर लिहिताना मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदापासून सुरुवात करू नये. १७८३ मध्ये, मिसरूडही फुटले नसताना मद्रासला उतरलेला हा सैनिक फारसी शिकला आणि त्या बळावर इराणच्या शाहाकडे ईस्ट इंडिया कंपनीचा वकील (राजदूत) म्हणून गेला, हे आधी मांडावे. १८१७ची होळकरांविरुद्धची महिदपूरची लढाई एका ओळीत उरकावी. जागा राखावी ती दुसऱ्या बाजीरावाच्या शरणागतीसाठी, कारण वर्षाला आठ लाखांचा तनखा माल्कमनेच कबूल केला आणि तो वरिष्ठांना डोईजड वाटला. गव्हर्नरकी (१८२७ ते १८३०) सांगताना मात्र नकाशावर पनवेलहून खोपोलीकडे बोट फिरवावे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये त्याच्याच कारकिर्दीत खुला झाला. महाबळेश्वरची माल्कम पेठ सर्वांनाच ठाऊक असते, तिचा ओझरता उल्लेख पुरे.