घाटात भरलेला ट्रक ओढण्यासाठी मोटर आणि कंट्रोलर कसे निवडावेत

डिझेल ट्रक विजेवर आणताना बरेच जण काढलेल्या इंजिनाची अश्वशक्ती पाहतात आणि तेवढ्याच ताकदीची मोटर मागवतात. ही पद्धत सोडून द्यावी. मोटर ठरवायची ती गाडीच्या नेहमीच्या मार्गावरील सर्वांत अवघड चढावरून आणि त्या चढावर गाडी किती वेळ राहते यावरून.

खोपोलीहून बोरघाट चढून लोणावळ्याला जाणारा, मालासह 28.5 टन भरणारा दहा चाकी ट्रक उदाहरणासाठी घेऊ. चढ सरासरी 20 ला 1 (20 मीटर अंतरात 1 मीटर उंची) धरला, तर गुरुत्वाकर्षण आणि टायरचा रोध मिळून चाकांपाशी सुमारे 16,000 न्यूटन जोर लागतो. ताशी 30 किलोमीटर वेगाने चढायचे तर त्याचे 133 किलोवॅट होतात आणि डिफ्रन्शियल व शाफ्टमधील घट धरली की मोटरकडून जवळपास 150 किलोवॅट मागावे लागतात. हाच ट्रक सपाट रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरने 50 ते 55 किलोवॅटवर धावतो. म्हणजे सपाटीवरची चाचणी घाटाबद्दल काहीही सांगत नाही. घाटातली उंची सुमारे साडेपाचशे मीटर असल्याने ही 150 किलोवॅटची मागणी वीस-बावीस मिनिटे अखंड चालते.

म्हणून मोटरच्या पाटीवरचे दोन आकडे नीट वाचावेत. मोठा आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो आणि तो 30 किंवा 60 सेकंदांपुरताच खरा असतो; त्याच्या शेजारचा लहान आकडा अखंड क्षमतेचा, आणि घाटात तोच कामाला येतो. पाटीवर 250 किलोवॅट ठळक छापलेले असले आणि अखंड क्षमता 120 असली, तर ही मोटर या ट्रकसाठी नाही. घाट अर्धा चढेपर्यंत वाइंडिंग (मोटरमधील तारांची गुंडाळी) तापते, कंट्रोलर (बॅटरीची वीज मोटरला हवी तेवढी पुरवणारे यंत्र) आपणहून ताकद कमी करतो आणि भरलेली गाडी रांगू लागते.

ताकदीइतकाच टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा, हिशोब महत्त्वाचा आहे. 8 ला 1 चढावर थांबलेला हा ट्रक पुन्हा हलवायला, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर आणि डिफ्रन्शियल 6 ला 1 धरले, तर शाफ्टवर सुमारे 3,400 न्यूटन-मीटर लागतात. मोटर थेट शाफ्टला जोडायची असेल तर एवढा टॉर्क तिने एकटीने द्यावा लागतो. मध्ये 4 ला 1 चा गिअर असेल तर 900 पुरतात. गिअरबॉक्स काढून टाकण्याचा मोह होतो, कारण वजन आणि देखभाल दोन्ही वाचतात. तरी घाटातल्या गाडीत निदान दोन गिअर ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंट्रोलर निवडताना आधी व्होल्टेज ठरवावे. 150 किलोवॅट 144 व्होल्टवर घेतले तर हजारावर अँपिअर वाहतात, 650 व्होल्टवर सुमारे 230. तारेतील उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच जाडीच्या केबलमध्ये हा फरक वीसपट होतो, आणि त्यामुळेच अवजड गाडीत 600 ते 700 व्होल्टची रचना करतात. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या 192 सेलचा संच पूर्ण चार्ज झाल्यावर 700 व्होल्टपर्यंत जातो आणि चार्ज उतरल्यावर चढाच्या भाराखाली साडेपाचशेच्या आसपास येतो. कंट्रोलरने वरचे टोक सहन केले पाहिजे, आणि खालच्या टोकालाही पूर्ण ताकद मिळते का, हे विक्रेत्याकडून आलेखासह लेखी घ्यावे. चालक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी चढावर धरून ठेवतो तेव्हा मोटर फिरत नाही आणि सगळा करंट एकाच फेजमध्ये (मोटरच्या तीन वीजवाहिन्यांपैकी एकीत) साचतो. अशा स्थितीत कंट्रोलर किती सेकंद तग धरतो, हेही विचारावे.

प्रीचार्ज सर्किट (कॅपॅसिटर आधी हळूहळू भरणारी जोडणी) वगळू नये. त्याशिवाय बॅटरी जोडली की कंट्रोलरमधील कॅपॅसिटर क्षणात भरतात आणि काँटॅक्टरच्या (बॅटरीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) दोन बटणांसारख्या टोकांवर डाख घातल्यासारखा धातूचा थेंब जमून ती एकमेकांना चिकटतात. त्यानंतर चावी बंद केली तरी वीज तुटत नाही.

उताराचा विचार चढाइतकाच गंभीरपणे करावा. इंजिन गेले की एक्झॉस्ट ब्रेकही जातो. लोणावळ्यात बॅटरी पूर्ण भरून खाली निघालेल्या गाडीत रिजनरेशनची (उतारावर मोटर जनित्रासारखी फिरून तयार करते ती) वीज साठवायला जागाच नसते, त्यामुळे वेगळा रिटार्डर (ब्रेक न दाबता वेग रोखणारे साधन) किंवा ती वीज उष्णतेत घालवणारा ब्रेक रेझिस्टर हवा. कायमचुंबकी मोटर मर्यादेपलीकडे फिरली तर तिचे स्वतःचे व्होल्टेज बॅटरीच्या वर जाऊ शकते, म्हणून उतरणीवर चालकाने गिअर कोणता ठेवायचा, हे कंट्रोलरच्या वेगमर्यादेवरून आधीच ठरवून त्याला सांगावे. ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि स्टिअरिंगचा पंप आता इंजिनावर चालणार नाहीत. दोघांना स्वतंत्र मोटर द्यावी, आणि मुख्य कंट्रोलर बंद पडला तरी त्या चालू राहतील अशी जोडणी करावी.

किटला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता आहे का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. त्यानंतर गाडी वजनकाट्यावर पूर्ण भरून उन्हाळ्याच्या दुपारी घाटात न्यावी आणि वाइंडिंग, कंट्रोलर व कूलंट या तिघांचे तापमान वर पोहोचेपर्यंत दर मिनिटाला नोंदवावे. शेवटच्या पाच मिनिटांतही आकडे चढतच असतील, तर मोठा रेडिएटर लावून चाचणी पुन्हा घ्यावी, आणि तरीही ते स्थिरावले नाहीत तर मोटर बदलावी.