व्हेराक्रिप्टच्या ड्राइव्हमधली मोकळी जागा खोटी दिसते तेव्हा

गावातल्या सेवा केंद्रात लोकांच्या आधार, सातबारा, पासबुकाच्या स्कॅन कॉप्या व्हेराक्रिप्टच्या (फाईली पासवर्डने कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) कंटेनरमध्ये, म्हणजे एका मोठ्या कुलूपबंद फाईलमध्ये ठेवणं शहाणपणाचंच. पण नव्या ऑपरेटरला एक कोडं पडू शकतं: माउंट केलेल्या, म्हणजे पासवर्ड देऊन उघडलेल्या व्ही ड्राइव्हमध्ये 62 जीबी मोकळी दिसते, आणि 3 जीबीचं फोल्डर टाकलं की कॉपी मध्येच एरर देऊन अडते.

ड्राइव्हला हात लावण्याआधी कंटेनरच्या फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइझ' 100 जीबी आणि 'साइझ ऑन डिस्क' 38 जीबी असेल, तर कंटेनर बनवताना कुणीतरी 'डायनॅमिक'वर टिक केली आहे. अशी फाईल भरेल तशी फुगत जाते. आतली फाईल सिस्टीम (फाईली कुठे आहेत, जागा किती उरली याचा हिशेब ठेवणारी रचना) मात्र स्वतःला अख्ख्या 100 जीबीची धनी समजते. बाहेर, कंटेनर ठेवलेल्या डी ड्राइव्हवर 2 जीबीच उरलेत हे तिला कळायला मार्ग नाही. सातबाऱ्यावर पाच एकर, ताब्यात दोन!

इथे पुन्हा पुन्हा कॉपी करून बघू नका. बाहेरची डिस्क भरली असताना आत लिहीत राहिलं तर आतली फाईल सिस्टीमच बिघडू शकते. डी ड्राइव्हवरचे पीकविम्याचे जुने पीडीएफ, डाउनलोड वगैरे आधी दुसरीकडे हलवा. आतल्या फाईली डिलीट करून उपयोग नाही, कारण डायनॅमिक कंटेनर फुगतो, आकसत नाही. पक्का इलाज म्हणजे मोठ्या एक्स्टर्नल डिस्कवर डायनॅमिकची टिक न लावता नवा कंटेनर बनवायचा, सगळं त्यात कॉपी करायचं, दहा-वीस फाईली उघडून पाहायच्या आणि मगच जुना पुसायचा. यूएसबी 2.0 पोर्टवर 100 जीबीचा कंटेनर बनायला तासभर धरा, कॉपीचा वेळ वेगळा. दुपारी लाईन जात असेल तर हे काम डेस्कटॉपवर नको, चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा.

'साइझ' आणि 'साइझ ऑन डिस्क' सारखे असूनही आत जागा कमी दिसते? मग बहुतेक व्ही ड्राइव्हचं स्वतःचं रिसायकल बिन भरलेलं असतं. माउंट करताना 'रिमूव्हेबल मीडियम'चा पर्याय निवडला तर विंडोज ते तयारच करत नाही. मात्र मग डिलीट केलेली फाईल सहजी परत मिळत नाही.

लाईन गेल्यावर मोकळ्या जागेचा आकडा बदलला असेल आणि आत फॅट32 (फाईल सिस्टीमचा एक प्रकार) असेल, तर मोकळ्या क्लस्टरची (डिस्कवरच्या जागेच्या छोट्या तुकड्यांची) नोंद जुनी राहिलेली असते. फॅट32 ही मोजणी एका सेक्टरमध्ये लिहून ठेवते आणि मशीन अचानक बंद पडलं की ती चुकू शकते. व्हेराक्रिप्टमध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी 'चेक फाइलसिस्टम' चालवा. चूक दाखवली तर कंटेनरची एक प्रत काढा आणि त्यानंतरच 'रिपेअर फाइलसिस्टम'.

आणि 1 टीबीची डिस्क 931 जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने.