या चुका टाळा: 20 वर्षांखालील मुलांची जागतिक क्रॉस कंट्री शर्यत

जागतिक क्रॉस कंट्री स्पर्धेत, म्हणजे गवत, चिखल, चढउतार अशा मोकळ्या जमिनीवरच्या शर्यतीत, 20 वर्षांखालील मुलांना 8 किलोमीटर धावायचे असते. ट्रॅकवर 5000 मीटर मारणाऱ्या पोराला हा आकडा ओळखीचा वाटतो, तो वेळेचा हिशेब मांडतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 2017 साली कंपालात युगांडाच्या जेकब किप्लिमोने ही शर्यत पावणेतेवीस मिनिटांच्या आत जिंकली. पुढच्या खेपेला, 2019 मध्ये डेन्मार्कच्या आर्हुसला, इथिओपियाच्या मिल्केसा मेंगेशाला जवळजवळ 24 मिनिटे लागली. म्हणून मेंगेशा कच्चा, असे कोणी म्हणत नाही. आर्हुसची वाट एका संग्रहालयाच्या गवताळ, उतरत्या छपरावरून नेली होती आणि त्या छपराचा चढ होता 10 टक्के. क्रॉस कंट्रीत वेळ कोणी विचारत नाही, कितवा आलास ते विचारतात. तरी आपली मुले दर अर्ध्या मिनिटाला मनगटाकडे बघतात. चिखलात किलोमीटरचा वेग बघून काहीच कळत नाही, उलट नजर वाटेवरून हटते. घड्याळ खोलीवरच ठेवलेले बरे.

पहिली दोन मिनिटे

सुरुवातीच्या रेषेवर प्रत्येक संघाला चिठ्ठी टाकून एक अरुंद कप्पा मिळतो. सहा जण त्यात मागेपुढे उभे राहतात. पाच मिनिटे, तीन मिनिटे, एक मिनिट अशा सूचना होतात, मग ‘ऑन युअर मार्क्स’ आणि लगेच बार. छोट्या शर्यतींसारखी मधली ‘सेट’ची सूचना नसते. तिची वाट बघत राहिलेला पहिल्या सेकंदालाच मागे पडतो. बार झाल्यावर रुंद मैदानातली सगळी मंडळी पहिल्या वळणाकडे एकदम घुसतात, एसटीच्या दारात घुसावीत तशी.

इथे चूक दोन बाजूंनी होते. काही जण ‘मी मागून येईन’ म्हणून शांतपणे निघतात. ट्रॅकवर हे चालते, कारण बाहेरच्या बाजूने पुढे जायला जागा असते. इथे वाट अरुंद झाली की पुढच्याची पाठ बघत पळावे लागते आणि चाळीस-पन्नास जण ओलांडता ओलांडता जोर संपतो. दुसरे टोक म्हणजे पहिले 400 मीटर जीव खाऊन पळणारे. त्यांचा पहिल्या वळणावरचा फोटो छान येतो. दुसऱ्या फेरीत मात्र ते चालल्यासारखे पळतात. पहिले वळण येईपर्यंत जोरात जायचे, पहिल्या तीस-चाळिसांत जागा धरायची आणि तिथून पुढे एक मिनिट मुद्दाम श्वास जागेवर आणायचा. ही गोष्ट सरावात करून घ्यावी लागते, सांगून येत नाही. दहा-बारा मुलांना एका रेषेवर उभे करा, दीडशे मीटरवर दोन शंकू जवळजवळ ठेवा आणि त्यांच्या मधून जायला लावा. कोपर लागतात, एखादा पडतो, पण सवय होते.

आघाडी घेण्याबद्दल एकच उदाहरण देतो. ते मोठ्यांच्या शर्यतीतले आहे, पण धावणारा तेव्हा अवघा 20 वर्षांचा होता. कंपालात त्याच दिवशी, घरच्या प्रेक्षकांसमोर, युगांडाचाच जोशुआ चेप्तेगेई एकटा पुढे निघून गेला. शेवटच्या फेरीपर्यंत आघाडी होती, मग पाय बंद झाले आणि जिंकत आलेली शर्यत हातची घालवून तो 30 वा आला. दोन वर्षांनी आर्हुसला मात्र तोच जगज्जेता झाला. दम तेवढाच, पण तो कधी खर्चायचा हे कळले होते.

बूट आणि खिळे

या एका बाबतीत आपल्याकडे सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो, म्हणून जरा सविस्तर.

2008 साली एडिनबराच्या जागतिक क्रॉस कंट्रीत इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेच्या टाचेवर मागच्याचा पाय पडला आणि बूट निघाला. तो थांबला, बूट चढवला आणि तरीही जिंकला. पण तो बेकेले होता. 2001 मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंडच्या चिखलात त्याने हीच 20 वर्षांखालील शर्यत 33 सेकंदांनी मारली होती. बाकीच्यांचा बूट निघाला की शर्यत गेली. त्यामुळे नाडीला दुहेरी गाठ मारायची, उरलेली टोके गाठीखालच्या नाडीत खोचायची आणि वरून चिकटपट्टीचा एक वेढा द्यायचा. चिकटपट्टी इतकी घट्ट नको की पाऊल बधिर होईल. गाठ कोरड्या नाडीवर मारून ठेवू नका. आधी गवतात पाच मिनिटे पळा, नाडी ओली झाली की थोडी सैल पडते, मग पुन्हा आवळा.

कृत्रिम ट्रॅक सोडून इतर जमिनीवर बुटाच्या तळाला 25 मिलिमीटरपर्यंत लांब खिळे चालतात. म्हणून सगळे 25 चे लावायचे, असे नाही. कडक, कोरड्या गवतावर लांब खिळा जमिनीत जात नाही, पोटरीवर ताण येतो आणि तिसऱ्या फेरीत पायात गोळे येतात. कोरड्याला 6 ते 9 मिलिमीटर, ओल्या गवताला 12, खऱ्या चिखलाला 15 किंवा थोडे वर, असा साधा हिशेब ठेवा. तिन्ही संच आणि खिळे बदलायची किल्ली पिशवीत हवी. आदल्या संध्याकाळी वाट बघून आल्यावर खिळे लावायचे आणि रात्री पाऊस झाला तर सकाळी बदलायचे. इथे अडचण हमखास येते: मागच्या शर्यतीचा चिखल आट्यांत वाळलेला असतो, खिळा गंजलेला असतो, किल्ली नुसती फिरते. दर शर्यतीनंतर खिळे काढून आटे जुन्या टूथब्रशने साफ करा आणि खिळ्याला व्हॅसलीनचे बोट लावून परत बसवा. अडकलेला खिळा पकडीने ओढू नका, सोल फाटतो. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा.

नवे बूट घेण्याआधी जागतिक अॅथलेटिक्स या खेळाच्या जागतिक संघटनेच्या मान्य बुटांच्या यादीत ते आहेत का, हे बघा. तळाच्या जाडीलाही मर्यादा आहे. दुकानदार ‘सगळे हेच घालतात’ म्हणेल, त्याचे ऐकू नका.

चढ, उतार, वळण

चढावर लांब ढांगा टाकणे ही नवख्याची चूक. पावले आखूड, हात जोरात, नजर पायांपुढे चार-पाच मीटरवर. पण खरी जागा जाते ती माथ्यावर. चढ संपला की सगळे सुस्कारा टाकतात. तिथेच आणखी वीस-तीस पावले तसेच रेटले तर दोन-तीन जण फुकटात मागे पडतात. उतारावर मागे रेलून टाचेने ब्रेक लावत उतरले की मांड्या जातात. अंग किंचित पुढे, गुडघा सैल.

वळणावर जवळची वाट दरवेळी चांगली नसते. 8 किलोमीटरच्या शर्यतीत तीच फेरी चार-पाच वेळा होते आणि आपल्या आधी इतर गटांच्या शर्यती झाल्या असतील तर आतला कोपरा उखणलेला असतो. मीटरभर बाहेरून, घट्ट जमिनीवरून गेलेले परवडते. काळ्या मातीत वाढलेल्या मुलांना हे शिकवावे लागत नाही, पावसाळ्यात बांधावरून पळून ते आलेलेच असते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसला (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडायच्या ट्रॅकवरच्या शर्यतीला) जाण्याआधी सैन्यात क्रॉस कंट्रीच पळत होता.

हवामान

2007 ला केनियातल्या मोंबासात उष्णता आणि दमटपणा इतका होता की लागोपाठ पाच वर्षे मोठ्यांची लांब शर्यत (तेव्हा छोटी आणि लांब अशा दोन असत) जिंकलेला बेकेले शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडला. उकाड्याची सवय व्हायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. शर्यतीच्या सकाळी दोन लिटर पाणी ढोसून ती होत नाही, फक्त पोट डचमळते. आपल्या मुलांना मात्र जास्त त्रास होतो तो थंडीचा. कॉल रूममध्ये, म्हणजे शर्यतीआधी खेळाडूंना जमवतात त्या खोलीत, वीस-वीस मिनिटे बसवून ठेवतात, केलेला वॉर्मअप वाया जातो. ट्रॅकसूट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेवा आणि हातमोजे घालायला लाजू नका.

कागद आणि गोळ्या

शर्यतीच्या वर्षात 31 डिसेंबरला वय किमान 16 आणि 20 च्या आत हवे. किप्लिमो कंपालात 16 वर्षांचाच होता, तेव्हा ‘अजून लहान आहे’ म्हणून मागे राहू नका. आणि वय चोरून तर मुळीच उतरू नका.

सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन हे उत्तेजक असते. शर्यतीच्या वेळी ते ठरावीक मात्रेच्या वर लघवीत सापडले तर उत्तेजक चाचणीत मुलगा दोषी ठरतो. गोळी आईने दिली, डॉक्टरने दिली, हे सांगून सुटका नाही. ताकदीच्या पावडरीचे डबेही त्याच खात्यात.

चौथा माणूस

संघाचे गुण म्हणजे क्रमांकांची बेरीज, ज्याची कमी तो वर. सहा जण धावतात, चौघांचे धरतात. पहिला 20 वा आला म्हणून टाळ्या वाजतात, पण चौथा 70 वरून 58 वर आला तर संघाचे बारा गुण वाचतात. पहिल्याला तेवढे वाचवायला 20 वरून 8 वर यावे लागेल. ‘माझे काय, मी मागेच आहे’ असे म्हणून शेवटच्या फेरीत सैल पडणारा मुलगा संघाला सगळ्यात महाग पडतो. पाचव्या-सहाव्याचे गुण धरत नाहीत, पण ते समोरच्या संघाच्या चौथ्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक खाली जातो. बेरीज सारखी झाली तर ज्याचा चौथा पुढे, तो संघ वर.

आपला मुलगा शेवटच्या उतारावर पडला, तरी दोरीच्या आत जाऊन त्याला उचलू नका. 2023 ला ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टमध्ये महिलांच्या शर्यतीत इथिओपियाची लेतेसेनबेत गिडे अंतिम रेषेजवळ कोसळली. कोणीतरी मदतीला धावले आणि ती बाद ठरली. पडलेला स्वतः उठला तर क्रमांक टिकतो, नाही उठला तर डॉक्टर आहेत.

क्रमांक छाती रेषेवर येते त्यावर ठरतो. निकालात काही चुकले वाटले तर अधिकृत घोषणेपासून 30 मिनिटांत हरकत नोंदवावी लागते. त्यामुळे शर्यत संपताच व्यवस्थापकाने मुलांबरोबर फोटो काढत न बसता निकालाच्या फलकापाशी उभे राहावे आणि सहाही मुलांचे बिब (छातीवरच्या पट्टीचे) क्रमांक लिहिलेला कागद हातात ठेवावा.