मुदतीचा करार मध्येच सोडताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात माझा भाचा चाकणची सेकंड शिफ्ट संपवून रात्री एकला थेट कोथरूडला माझ्या दारात. डबासुद्धा न उघडलेला. "मावशी, उद्यापासून जातच नाही मी. तळेगावला साडेपाच हजार जास्त देतायत." करार दोन वर्षांचा, झाले होते नऊ महिने.

मी हिंजवडीत अकरा वर्षं एचआरमध्ये काढली. असे करार मीच लोकांच्या हातात ठेवायचे, त्यामुळे ते सही करताना काय वाचत नाहीत हे मला तोंडपाठ आहे.

पहिली चूक तीच, जी भाचा सकाळी करणार होता. न सांगता जाणं बंद करायचं, फोन उचलायचा नाही. कंपनीच्या सिस्टिममध्ये नावापुढे 'अ‍ॅब्स्कॉन्डिंग' (म्हणजे न सांगता पळालेला) लागतं आणि पुढच्या ठिकाणी बॅकग्राउंड चेक झाला की ते वर येतं. तारखेसह राजीनाम्याचा मेल गेलाच पाहिजे, आणि त्याची एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर. ऑफिसचा आयडी शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतो.

दुसरी चूक मोठी: मुदत, नोटीस आणि बाँड (मुदतीआधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरायची अट) एकच समजणं. भाच्याच्या फोनमध्ये चौदा पानांची पीडीएफ होती, त्यानं वाचलं होतं फक्त पगाराचं पान. कलम 3 मध्ये मुदत चोवीस महिने. पण कलम 11 म्हणत होतं, दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. म्हणजे नोटीस देऊन सोडणं हा करारभंग नव्हताच! तो खूश होऊन उठला. मी बसवला, कारण त्याच ओळीच्या शेवटी होतं, 'कलम 14 च्या अधीन राहून'. आणि कलम 14 म्हणजे ट्रेनिंगचे पंचाहत्तर हजार. दार उघडं होतं, पण दारात पावती फाडणारा बसला होता. तुमच्या करारात नोटिशीचं कलम फक्त मालकाच्या बाजूनं असेल, तर मात्र मध्येच सोडणं हा करारभंग ठरतो.

बाँडबद्दल पुण्यात दोन अफवा आहेत. 'त्या कागदाला काही किंमत नसते' ही एक आणि 'पोलीस घरी येतात' ही दुसरी. दोन्ही चूक. मामला दिवाणी आहे. कोणतंही कोर्ट तुम्हाला पुन्हा त्याच मशीनवर उभं करणार नाही. पैसे मात्र मागता येतात. करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाई मिळते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. 14 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या खटल्यात तीन वर्षांची अट आणि दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. तो अधिकारी मुदतीआधी दुसऱ्या बँकेत गेला होता.

आणखी जुना धडा आपल्या कल्याणचा. 1967 च्या गोलिकरी खटल्यात पाच वर्षांचा करार दुसऱ्याच वर्षी सोडून कर्मचारी प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. त्याला तांत्रिक प्रशिक्षण मिळालेलं होतं. उरलेल्या मुदतीत तसंच काम दुसरीकडे करायची मनाई न्यायालयानं कायम ठेवली. मुदतीत समोरच्याच स्पर्धकाकडे जाणार असाल, तर आधी वकिलाला कागद दाखवा.

पैसे भरायची वेळ आली की लोक घाईनं ट्रान्सफर करून मोकळे होतात. आधी हिशेब लेखी मागा: नोटीस पे (नोटिशीचे दिवस न भरता गेलात तर त्याबदली कापला जाणारा पगार) बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर धरलाय, की ग्रॉसवर, म्हणजे एकूण पगारावर? त्यावर 18 टक्के जीएसटी लावला असेल तर अर्थ मंत्रालयाचं 3 ऑगस्ट 2022 चं परिपत्रक दाखवा. नोटीस पे किंवा बाँडची वसुली ही करपात्र सेवा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडे ठेवलेली असेल, तर ती परत मागणारं वाक्य राजीनाम्यातच टाका.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना कंपनीकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा मुद्दा हमखास निसटतो. मुदतीच्या करारात पाच वर्षं नोकरीची अट लागत नाही खरी, पण ती सवलत मुदत पूर्ण होऊन नोकरी संपली तर. महिना-दोन महिनेच उरले असतील तर थांबण्यात किती सुटतंय ते मोजा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) ट्रान्सफर करा. कंपनीनं पीएफच्या नोंदीत एक्झिट डेट (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नाही, तर शेवटचा हप्ता जमा झाल्यावर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते. पगाराचं म्हणाल, तर 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर तो दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'फुल अँड फायनल (म्हणजे शेवटचा हिशेब) पंचेचाळीस दिवसांनी' हे वाक्य मीही शेकडो वेळा म्हटलंय, आता म्हणता येणार नाही.

रात्री दोनला भाच्यानं मेल लिहिला. पाच ओळी आणि खाली 'झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व'. ती ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहायला लावलं: ट्रेनिंगच्या खर्चाचा तपशील बिलांसह द्यावा. बिलं निघाली तीन दिवसांच्या सेफ्टी ट्रेनिंगची. पंचाहत्तर हजारांचं बोलणं अठरावर मिटलं.